‘सोडले’ म्हणजे कुठे सोडले?

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला नमस्कार आणि वहिनीला जरा जास्तच नमस्कार, कारण गावभर चष्मे वाटणाऱ्या माणसाला स्वतःचा चष्मा कधी सापडत नाही आणि माझं पत्र शेवटी तिलाच वाचून दाखवावं लागणार.

फोन न करता पत्र का लिहिते ते तुला माहीत आहे. फोनवर तू बोलतोस, मी बोलते, ऐकत कोणीच नाही. कागदावर निदान एकाला गप्प बसावं लागतं. आणि या वेळी मला तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे.

तू गिऱ्हाइकांना सांगतोस की माझी बहीण डासांची डॉक्टर आहे. ऐकणाऱ्याला वाटत असेल, मी डासांचं दुखलंखुपलं बघते. तर एकदा नीट सांगते, म्हणजे तूही नीट सांगशील. आपल्या घरातलं नाक घे. नानांचं ते भलंथोरलं नाक तुला मिळालं, मी वाचले. साधारण असंच होतं, आईबापातल्या एकाकडची गोष्ट निम्म्या पोरांना मिळते, निम्म्यांना नाही. आम्ही डासात जो बदल केला आहे तो निम्म्यांवर थांबत नाही. तो जवळजवळ सगळ्या पिलांना मिळतो, मग त्यांच्या पिलांना, मग त्यांच्या. म्हणजे नानांच्या नाकाचा एक माणूस गावात राहायला आला आणि काही पिढ्यांनी अख्ख्या गावाला तेच नाक! याला जीन ड्राइव्ह म्हणतात. आमच्या डासांचं नाक म्हणजे असा गुण, की हिवतापाचा जंतू त्यांच्या पोटात वाढतच नाही. डास राहील, चावेलही, पण ताप देणार नाही.

आता मागणं. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, चाचणीसाठी तीन जागा निवडल्या आहेत. दोन ठिकाणांहून होकार आला आहे. तिसरी जागा म्हणजे आपलं गाव. मी कुणाच्या कानात काही सांगितलं नव्हतं, तळं आणि डासांची जात बघून ते यादीत आलं. पण कागदावर गावाचं नाव वाचलं आणि मला रडूच आलं. डास मारायला सगळ्या गावाला धूर देणाऱ्या माणसाच्या घरात हिवताप शिरला आणि आईला घेऊन गेला, हे मला अजूनही सहन होत नाही.

तुला आठवतं, नाना पाठीवर ते यंत्र घेऊन गल्लीत शिरायचे आणि आपण सगळी पोरं त्या पांढऱ्या धुरात त्यांच्यामागे धावायचो? स्वतःचा हात दिसायचा नाही. फक्त नानांचा खोकला ऐकू यायचा आणि खिडकीतून आईची हाक, “अरे, घरात या रे, मरायचंय का?” शाळेच्या कपड्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत तो रॉकेलचा वास. मला अजून कुठे तो वास आला की आनंदच होतो, काय करू.

तर तू गावात शब्द टाक. तुझं ऐकतात. एप्रिलनंतर केव्हातरी शाळेच्या सभागृहात बैठक होईल आणि गाव हो की नाही ते ठरवेल.

आणखी एक. मोठ्या बाईंनी मला भलत्याच कामाला जुंपलं आहे. या विषयावर काम करणाऱ्या पाच प्रयोगशाळा आहेत आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. एकीने लिहिलेलं दुसरी वाचते आणि तिसराच अर्थ काढते. म्हणून शब्द ठरवायला एक गट नेमला आहे आणि त्यात मी. लहानपणी शुद्धलेखनात मार खाल्ला त्याची भरपाई समज.

कळावे, आणि कळणार नाही ते विचारावे.

तुझी,
गुणगुण

•

१९ फेब्रुवारी

चि. गुणगुण हिस अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा,

नाकावरून बोलायचं काम नाही. या नाकावर चष्मा बसतो. तुझ्या नाकावरून तो घसरतो, म्हणून तुला दर वर्षी नवी फ्रेम लागते आणि भाऊ दुकानदार आहे म्हणून ती फुकट मिळते.

तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं. (चष्मा फ्रिजवर होता.) नाकाचं उदाहरण तिला फार आवडलं. आता ती जीन ड्राइव्ह म्हणत नाही, ‘नाकशाही’ म्हणते. तुमच्या गटाला सुचवून बघ.

तुझं काम मी सुरूही केलं. माझ्या दुकानात एक सोय आहे. माणूस हनुवटी यंत्रावर टेकवून बसला की पळून जाऊ शकत नाही. “वरची ओळ वाचा,” म्हणायचं आणि तो वाचत असताना आपण बोलत राहायचं. अशा रीतीने तळ्यावरचा लाँचवाला, मुख्याध्यापिका बाई, औषधांच्या दुकानातले दोघे भाऊ आणि निम्मी पलीकडची आळी यांना डासांची गोष्ट सांगून झाली. लोक पहिल्यांदा दचकतात. बदललेला डास म्हटलं की त्यांना वाटतं, कुत्र्याएवढा असेल. मग मी सांगतो, “अहो, ही चाचणी आहे. चाचणी म्हणजे चाचणी. जमलं तर जमलं, नाही तर बंद.” मुख्याध्यापिका बाईंना ते लगेच पटलं. म्हणाल्या, “म्हणजे आमच्या सहामाहीच्या आधी असते तशी. तिचे गुण धरत नाहीत.” म्हटलं, अगदी तशीच. माझ्या जबाबदारीवर मी शब्द दिला आहे.

तुमच्या शब्दांच्या भांडणाचं मात्र हसू आलं. माझ्या दुकानात डोळ्याचा नंबर लिहून दिला की तो कागद घेऊन जगात कुठेही जा, तोच चष्मा मिळतो. भाषा येवो न येवो. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि साधा नंबर ठरवता येत नाही? असो. तुझ्याच्याने होईल. भांडायचा सराव तुला माझ्यामुळे आहे.

धुराचं लिहिलंस आणि मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. नाना निघताना काय म्हणायचे, आठवतं का? “चला, ढग सोडून येतो.” जणू काही खिशात घेऊन चालले आहेत. आणि आई म्हणायची, “एखादा माझ्या कोथिंबिरीवर सोडा, पाणी घालायचं वाचेल.” तिच्या थट्टेवर ते कधी हसायचे नाहीत, पण गल्लीच्या टोकाला जाऊन हसायचे. मी पाहिलं आहे. ती गेल्यानंतर त्यांनी यंत्र परत केलं आणि कचेरीत टेबलाचं काम मागून घेतलं. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तू तेव्हा फार लहान होतीस.

म्हणून सांगतो, हे काम तुझ्या हातून आपल्या गावात झालं तर नानांचं अर्धं राहिलेलं पुरं झालं असं मला वाटेल. बैठकीची काळजी करू नकोस. गाव माझ्या खिशात आहे.

तब्येतीला जप, नाहीतर धपाटा खरा बसेल.

दादा

•

११ मार्च

प्रिय दादा,

‘नाकशाही’ मी गटात खरंच सांगितलं. मोठा हशा झाला. मग सगळ्यांनी ते नाकारलं. आपल्या भाषेतल्या पत्रकासाठी ‘वारशाचा रेटा’ असं ठरलं आहे. वहिनीला सांग, एकमताने हरली.

आमचा गट तुला बघायला हवा. लांबट टेबल, मध्ये पाण्याचे जग, आणि भोवती अशी माणसं की जी एकमेकांचे निबंध वर्षानुवर्षं वाचत आली आहेत आणि आता कळतंय की कुणालाच कुणाचं कळलं नव्हतं. अध्यक्ष एक वयस्कर प्राध्यापक आहेत. त्यांना आम्ही टाचणी म्हणतो, कारण प्रत्येक शब्द फुलपाखरासारखा टोचून फळ्यावर लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेची एक बाई आहे, ती वाक्य संपवून असं बघते की पुढे कोणी बोलूच नये. ती पूर्णविराम.

परवा सकाळभर आम्ही ‘जीन ड्राइव्ह’ या शब्दावरच भांडलो, विषयाच्या नावावर! पूर्णविराम बाईंच्या डासात जो बदल आहे तो काही पिढ्या पसरतो आणि मग आपोआप विझत जातो. त्याला त्या जीन ड्राइव्ह म्हणतात. आमचा बदल विझत नाही, पसरतच राहतो. त्यालाही आम्ही तेच म्हणतो. दोघी इतकी वर्षं परिषदांमध्ये एकमेकींना मान डोलावत होतो! टाचणींनी फळ्यावर लिहिलं, ‘विझणारा’ आणि ‘न विझणारा’, आणि चहाला सुट्टी दिली. चहाच्या वेळी त्या बाई मला म्हणाल्या, “मी तुमचा निबंध चुकीचा समजून तुमची फार स्तुती केली होती. परत घ्यायची का?” आता आमची मैत्री आहे.

यादी फार लांब होत होती, म्हणून टाचणींनी सोपे शब्द गाळून टाकले. म्हणाले, रोजच्या बोलण्यातल्या शब्दांवर वेळ घालवायला नको, ते सगळ्यांना कळतात. बरं झालं, नाहीतर हात टेकले असते.

आणि आता खरी बातमी. दादा, आम्ही डास सोडले! गेल्या आठवड्यात. मोठ्या बाई म्हणाल्या, दार तू उघड. कडी दोनदा ओढली तेव्हा निघाली. मग ते बाहेर पडले, आधी दोनचार, मग सगळे, बारीक गुणगुण करत, आणि उन्हात दिसेनासे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एका कोपऱ्यात जाऊन आईशी बोलून घेतलं. लोकांना वाटलं, मी भावुक झाले. झालेच होते.

हे सगळ्यांत आधी तुला सांगते आहे.

तुझी,
गुणगुण

•

२ एप्रिल

गुणगुण,

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा पाच-सहा माणसं बसली होती. वहिनी म्हणाली, मोठ्याने वाचते, सगळ्यांना ऐकू दे. मी म्हटलं, वाच. मान वर करून बसलो होतो.

“आम्ही डास सोडले,” इथे ती थांबली. मग लाँचवाला उठला आणि म्हणाला, “बैठक एप्रिलनंतर होती ना?” मी म्हटलं, हो. तो म्हणाला, “मग आता कशाला?” आणि टोपी घालून गेला.

तेव्हापासून दुकानात गिऱ्हाईक येतं ते चष्म्याला नाही, मला जाब विचारायला येतं. औषधवाल्यांच्या घरात मुलीला ताप आला. साधा सर्दीचा ताप, चार दिवसांत उतरला. पण त्या चार दिवसांत त्या घरातलं कोणी माझ्याशी बोललं नाही. मुख्याध्यापिका बाई तेवढ्या बोलल्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही शब्द दिला होता.” बस, एवढंच. मला जमिनीत गेल्यासारखं झालं.

हो किंवा नाही म्हणायचं होतं आम्ही. तुम्हाला एवढी घाई होती तर विचारायचं नाटक कशाला केलंत? आणि मला मध्ये का घातलंत?

तुझी ही सवय जुनीच आहे. शिकायला गाव सोडलंस तेव्हाही सगळं ठरवून, पेटी भरून मग सांगितलंस. नाना काही बोलले नाहीत. मीही नाही. तेव्हा ते तुझं एकटीचं आयुष्य होतं. हे गाव आहे.

उत्तर लिहिशील तर एका ओळीत लिही. डास कुठे आहेत?

दादा

•

९ एप्रिल

दादा,

एका ओळीत: सगळे डास इथे आहेत, प्रयोगशाळेच्या आवारातल्या बंद जाळीघरात, आपल्या गावापासून रेल्वेने दोन दिवसांवर, आणि एकही बाहेर गेलेला नाही.

ही ओळ दुकानाच्या काचेला लाव. मोठ्या बाईंची सही घेतली आहे, खाली शिक्का आहे. आता पुढचं, तुझ्यासाठी.

आमच्याकडे डास आधी हातभर पिंजऱ्यात वाढतात. मग त्यांना एका मोठ्या जाळीघरात नेतात. त्यात झाडं आहेत, डबकी आहेत, वरून ऊन येतं, दुहेरी दारं आहेत. लहान पिंजऱ्यातून त्या मोठ्या पिंजऱ्यात नेण्याला आम्ही सगळे ‘सोडणे’ म्हणतो. रोज म्हणतो. इतकं, की त्या शब्दाचा दुसरा काही अर्थ असतो हे मी विसरून गेले होते. मी, शब्दांच्या गटात बसणारी! तुला लिहिताना मला फक्त तो क्षण दिसत होता. तू काय वाचशील ते दिसलं नाही.

तुझं पत्र मिळालं. आधी वाटलं, फोन करावा आणि तुझ्यावरच ओरडावं, की तुला माझ्याबद्दल असं वाटलंच कसं? मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तुला वाटणारच होतं. मी तसंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पत्र गटात नेलं आणि वाचून दाखवलं. पेटीचा भाग सोडून, तो आपल्या घरातला आहे. टाचणींनी चष्मा काढला. (तुझ्या दुकानातला नाही, लगेच विचारू नकोस.) मग त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुमच्याकडे ‘सोडले’ म्हणजे कुठे सोडले? आमच्याकडे जाळीघरात. पूर्णविराम बाईंकडे उघड्यावर, पण एका निर्जन बेटावर. तिसऱ्यांकडे सरळ वस्तीत. एकच शब्द, आणि आम्ही तो सोपा म्हणून गाळला होता! कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून आम्ही फक्त सोप्या शब्दांवर काम करतो आहोत.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला जड जातंय. ‘सोडणे’ झाल्यावर ‘चाचणी’ हा शब्द आला आणि मला तुझं फेब्रुवारीतलं पत्र आठवलं. चाचणी म्हणजे चाचणी, जमलं तर जमलं, नाही तर बंद. ते वाचताना मी हसले होते. दुरुस्त करायला हवं होतं, पण मला त्यात काही चूक दिसलीच नाही, कारण जाळीघरातली चाचणी खरोखरच बंद करता येते. जाळीघर तापवलं की सगळे डास मरतात. तळ्याकाठी तसं नाही. आमचा बदल न विझणारा आहे. तो एकदा तिथल्या डासांत गेला की आम्हाला परत बोलावता येणार नाही. त्याच्या मागोमाग दुसरा बदल पाठवून पहिल्याला निकामी करण्याच्या कल्पना आहेत, पण गावात करून बघितलेलं नाही. मुख्याध्यापिका बाईंच्या परीक्षेचे गुण धरत नाहीत. या परीक्षेचे धरले जातील, कायमचे.

मी अजूनही मानते की हे करायला हवं. आपल्या आईसारखी दुसऱ्या कुणाची आई जाऊ नये म्हणून मी आयुष्य यात घातलं आहे. पण गावाने चाचणी समजून हो म्हटलं तर तो होकार मला नको. सोबत एक कागद पाठवते आहे, गटाने तयार केलेला. त्यात सोडणे, चाचणी, विझणारा, न विझणारा, थांबवता येणे, असे शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे त्याचा एकच अर्थ. जमलं तर बैठकीत वाचून दाखव. नाही जमलं तर मी समजेन.

पेटीबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल या भीतीने मी विचारलंच नव्हतं.

गुणगुण

•

२३ मे

चि. गुणगुण हिस आशीर्वाद. धपाटा सध्या राखून ठेवला आहे.

तुझी ती एक ओळ काचेला लावली. पहिल्या दिवशी लोक रस्त्यापलीकडून वाचत होते. (त्यातल्या दोघांचा नंबर वाढला आहे असं माझ्या लक्षात आलं.) दुसऱ्या दिवशी जवळ येऊन वाचू लागले. तिसऱ्या दिवशी लाँचवाला आत आला, हनुवटी यंत्रावर टेकवली आणि म्हणाला, “हं, बोला आता.” मला इतकं हायसं वाटलं की वरची ओळ वाचा म्हणायचं विसरलो.

काल बैठक झाली. शाळेचं सभागृह भरलं होतं, मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मोठ्या बाईंनी पाठवलेला तरुण डॉक्टर आला होता, चांगला मुलगा आहे. त्याने चित्रं दाखवली. मग मी उठलो आणि म्हटलं, मी तुम्हाला फेब्रुवारीपासून जे सांगत होतो त्यातला एक शब्द चुकीचा होता. तो दुरुस्त करतो आणि मग तुम्ही ठरवा.

तुमचा कागद वाचला. एक शब्द, त्याचा अर्थ, मग प्रश्न. घाई केली नाही. ‘न विझणारा’ वाचल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, म्हणजे माझ्या शाळेतल्या मुलांच्या नातवंडांच्या वेळीही? डॉक्टर म्हणाला, हो, बहुतेक. त्याने आढेवेढे घेतले नाहीत, हे त्याला सांग. ‘थांबवता येणे’ या शब्दापुढे तुम्ही लिहिलं आहे, ‘आज नाही.’ दोनच शब्द, पण ते वाचताना माझा आवाज गेला. पाणी पिऊन पुन्हा वाचले.

मग लाँचवाला उठला. त्याने जे विचारलं ते तुमच्या कागदावर नव्हतं. तो म्हणाला, “मी रोज पलीकडच्या काठाला जातो. माझ्या लाँचमध्ये डास असतात. तिकीट काढत नाहीत. पलीकडच्या काठाला कुणी विचारलंय का?” सगळ्यांनी डॉक्टरकडे बघितलं. तो म्हणाला, “यादीत ते गाव नाही.”

पुढे फार चर्चा झाली नाही. हात वर करायला सांगितलं. होकाराला काही हात वर झाले, कमी नव्हते. ज्यांच्या घरात माणसं गेली आहेत त्यांचे बहुतेक त्यात होते. औषधवाल्यांची म्हातारी आई माझ्याकडे बघत होती, हात वर करून. तिला वाटलं, मी करीन.

मी केला नाही. नकाराला केला. नकार जिंकला.

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आजच लिहायला बसलो. आईची आठवण मलाही आहे, गुणगुण. तुझ्यापेक्षा जास्त आहे, मी तिचा हात धरून बसलो होतो. तुझं काम वाईट आहे असं मला वाटत नाही. एखाद्या दिवशी मी त्यालाच हात वर करीन. पण जी गोष्ट तळं ओलांडून जाणार आहे तिला एकट्या आपल्या गावाने हो म्हणायचं, हे मला जमेना. विचारल्याशिवाय केलेल्या गोष्टीचं काय वाटतं ते मी एप्रिलमध्ये चाखलं होतं. पलीकडच्या काठाला ते चाखायला लावू का?

तू रागावशील. रागव. वहिनी म्हणते, ‘आधी जेवून घे’ असं तरी तिला लिहायचं होतं, मग हे सांगायचं. तिच्याकडून आशीर्वाद.

तुझा,
दादा

•

५ जून

प्रिय दादा,

रागावले. खूप रागावले. तुझं पत्र घेऊन जाळीघराभोवती फेऱ्या मारल्या आणि तुला लहानपणी ज्या ज्या नावांनी हाक मारायचे ती सगळी मारून घेतली. मग रडले. आपल्या गावात हे करायचं, ही एकच गोष्ट मी स्वतःसाठी मागितली होती, आणि ती माझ्या हयातीत होईल असं आता वाटत नाही. पलीकडच्या काठाला विचारायचं म्हणजे मग त्याच्या पलीकडच्यालाही. मोठ्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बातमी आली तेव्हा एवढंच म्हणाल्या, तो कागद बैठकीआधी पाठवायची अवदसा कुणाला आठवली? म्हटलं, मला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर आधीच्या दोन गावांची होकारपत्रं होती. त्यांनी विचारलं, “यांना काय सांगितलं होतं आपण?” मी पत्रक काढून दाखवलं. त्यात ‘चाचणी’ होतं, ‘सोडणे’ होतं, आणि जीन ड्राइव्ह कुठल्या जातीचा ते कुठेच नव्हतं. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्याकडे एकच खरं उत्तर आहे, आणि ते ‘नाही’ असं आहे.”

दादा, ते तुझं उत्तर.

आम्ही ती होकारपत्रं परत करतो आहोत. दोन्ही गावांना नवा कागद घेऊन जायचं, पहिल्यापासून विचारायचं, त्यांच्या शेजारच्या गावांनाही. दोन्ही नाही म्हणतील कदाचित. इथे निम्मे लोक माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांचं घर मोडलं. पूर्णविराम बाई तेवढ्या माझ्याबरोबर यायला तयार आहेत. पण त्या वाचू लागल्या की लोक प्रश्न विचारायला घाबरतील. टाचणींचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. आणि मी वाचू लागले तर मधेच आईचं सांगत बसेन आणि लोक दयेपोटी हात वर करतील. ते नको आहे.

ज्याने हा कागद वाचला आहे, वाचता वाचता ज्याचा आवाज गेला आहे आणि तरी ज्याने नाही म्हटलं आहे, असा एकच माणूस मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये पहिल्या गावाला निघायचं आहे. दुकान वहिनी सांभाळेल, ती तुझ्यापेक्षा बरं सांभाळते. तू येशील का?

या वेळी काही ठरवलेलं नाही, पेटी भरलेली नाही, मोठ्या बाईंनाही सांगितलेलं नाही. नुसतं विचारते आहे. नाही म्हणायची पूर्ण मुभा आहे.

तुझी,
गुणगुण